विश्लेषण : रेडिओलॉजिस्टच्या शिक्षणात संशोधन नावापुरतेच का?

नीट-पीजीच्या गुणवत्ता यादीत वरच्या क्रमांकावर असणाऱ्या अनेक डॉक्टरांची पहिली पसंती गेली काही वर्षे रेडिओडायग्नोसिस, म्हणजे रोजच्या भाषेत रेडिओलॉजी, या शाखेला आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत या डॉक्टरांच्या नजरेखालून तीन वर्षांत हजारो क्ष-किरण चित्रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय जातात. हुशार विद्यार्थी आणि अफाट रुग्णसंख्या असे दोन्ही एकाच ठिकाणी असताना भारतीय रुग्णांबद्दलचे मूलभूत प्रश्न मात्र बहुतेक वेळा परदेशातील अभ्यासांवर विसंबून सोडवले जातात. याचे एक कारण नव्या रेडिओलॉजिस्टना संशोधनाचे शिक्षण कसे दिले जाते, यात सापडते. कृत्रिम बुद्धिमत्ता तपासणीच्या खोलीत शिरली असताना हा प्रश्न रुग्णांच्या जिवाशी येऊन भिडला आहे.

सध्याची व्यवस्था काय आहे?

एमडी रेडिओडायग्नोसिसचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि त्यात प्रबंध बंधनकारक आहे. डीएनबीच्या विद्यार्थ्यांनाही तो लिहावा लागतो. आधी विषयाचा आराखडा, मग नैतिकता समितीची मंजुरी, त्यानंतर रुग्णांची विदा गोळा करणे आणि शेवटी प्रबंध विद्यापीठाला सादर करणे असा हा क्रम असतो. महाराष्ट्रात हे काम नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या नियमांनुसार चालते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत संशोधनपद्धती आणि नैतिकता यांचे अभ्यासक्रमही आवश्यक ठरवले आहेत. चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम देशभरातील निवासी डॉक्टर करतात. कागदावर पाहिले तर कमतरता दिसत नाही.

मग अडते कुठे?

पहिली अडचण वेळेची. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला सोनोग्राफीचा प्रोब नीट धरता येण्याआधीच प्रबंधाचा विषय ठरवावा लागतो. ज्या शाखेत नेमके कोणते प्रश्न अनुत्तरित आहेत हे त्याला अजून माहीत नाही, तिच्यातला प्रश्न त्याने काही महिन्यांत निवडायचा असतो. साहजिकच विषय मार्गदर्शकाकडून येतो किंवा वरिष्ठाच्या जुन्या प्रबंधावरून बेतला जातो. अमुक आजारात एमआरआयची भूमिका, तमुक आजारात सीटी स्कॅनची उपयुक्तता, अशी शीर्षके वर्षानुवर्षे फिरत राहतात. केवळ रुग्ण आणि रुग्णालय बदलते.

दुसरी अडचण कामाच्या ओझ्याची. रात्रपाळी, अपघात विभागातून येणारे स्कॅन, अहवालांची रांग, गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी भरायचा गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यातील ‘एफ’ नमुना, हे सगळे झाल्यावर उरलेला वेळ प्रबंधाचा. संशोधनासाठी म्हणून राखलेला एकही दिवस वेळापत्रकात नसतो. तिसरी अडचण मदतीची. नमुना संख्या किती हवी, कोणती सांख्यिकी चाचणी लावायची, हे सांगणारा संख्याशास्त्रज्ञ हाताशी नसेल तर प्रबंध संपत आल्यावर बाहेरच्या कोणाकडून तरी आकडे ‘काढून’ घेतले जातात. ज्या टप्प्यावर प्रश्नाची चूक सुधारता आली असती, तो तोवर मागे पडलेला असतो.

मूल्यमापनाची पद्धतही या औपचारिकतेला बळ देते. पूर्वीच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार परीक्षेस पात्र ठरण्यासाठी एक पोस्टर, परिषदेत एक निबंधवाचन आणि एक शोधनिबंध अशी अट होती. शोधनिबंध प्रसिद्ध झालेला, स्वीकारलेला किंवा नुसता ‘पाठवलेला’ असला तरी चालत असे. शिक्षकांच्या बढतीतही छापून आलेल्या निबंधांची मोजणी होत आली. मोजणी हाच निकष झाला की पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावते. विद्यार्थी त्यातून एकच धडा घेतो, की संशोधन म्हणजे पूर्ण करायची अट.

प्रतिमांचे संशोधन इतर वैद्यकीय संशोधनापेक्षा वेगळे कसे?

औषधाच्या चाचणीत प्रश्न सरळ असतो. औषध घेतलेले रुग्ण बरे झाले का, हे पाहायचे. तपासणीचे तसे नसते. स्कॅन स्वतः कोणाला बरे करत नाही. स्कॅनमुळे डॉक्टरचा विचार बदलतो, त्यामुळे उपचार बदलतात आणि त्यातून रुग्णाचे भले होते किंवा होत नाही. अमेरिकेतील डेनिस फ्रायबॅक आणि जॉन थॉर्नबरी यांनी १९९१ मध्ये या साखळीच्या सहा पायऱ्या मांडल्या. प्रतिमा स्पष्ट आहे का, निदान अचूक आहे का, त्यामुळे डॉक्टरचे मत बदलले का, उपचार बदलले का, रुग्णाला फायदा झाला का आणि समाजाच्या दृष्टीने खर्च परवडणारा आहे का. आपल्याकडील बहुसंख्य प्रबंध दुसऱ्या पायरीवरच थांबतात. एमआरआयने इतके टक्के अचूक निदान केले, इथे ते संपतात.

वरच्या पायऱ्यांवरचे संशोधन किती उपयोगी ठरते याचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील राष्ट्रीय फुप्फुस तपासणी चाचणी. तीव्र धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या ५३ हजारांहून अधिक लोकांची तीन वर्षे दरवर्षी कमी मात्रेचा सीटी स्कॅन किंवा छातीचा क्ष-किरण यापैकी एका पद्धतीने तपासणी झाली. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार सीटी गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होते. त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली. सीटीमध्ये संशयास्पद ठरलेल्या तपासण्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक कर्करोगाच्या नव्हत्या. आता हा प्रश्न भारतात आणून पाहावा. इथे अनेकांच्या फुप्फुसांवर जुन्या क्षयाचे व्रण असतात. अशा देशात खोट्या संशयाचे प्रमाण किती असेल आणि त्यापायी किती जणांना विनाकारण बायोप्सीला सामोरे जावे लागेल, याचे उत्तर अमेरिकी अभ्यासातून मिळणार नाही.

परदेशी मोजमापे भारतीय रुग्णांना लागू पडतात का?

सोनोग्राफी यंत्रात गर्भाचे वजन काढण्यासाठी आजही सर्रास वापरले जाणारे हॅडलॉक यांचे सूत्र १९८० च्या दशकात अमेरिकेतील टेक्सासमध्ये तयार झाले. त्यांचा १९९१ चा वाढीचा तक्ता ३९२ गर्भवतींच्या मोजमापांवर आधारलेला होता आणि त्यांतील बहुतेक मध्यमवर्गीय गौरवर्णीय होत्या. त्या मोजपट्टीवर मराठवाड्यातील किंवा मेळघाटातील बाळ ‘लहान’ ठरले, तर ते खरोखर कुपोषित की प्रकृतीनेच लहान, हा प्रश्न उरतो. याच प्रश्नावर झालेल्या ‘इंटरग्रोथ-२१’ या आठ देशांतील अभ्यासाचे एक केंद्र नागपूर होते, ही महाराष्ट्रासाठी महत्त्वाची बाब. सुदृढ आणि नीट पोषण मिळालेल्या मातांच्या गर्भांची वाढ वेगवेगळ्या देशांत बरीचशी सारखी असते, असे त्या अभ्यासाचे म्हणणे. त्यावर वाद आहेत. परंतु वाद घालण्यासाठी तरी हाताशी विदा हवी आणि ती नागपूरसारख्या शहरात काळजीपूर्वक मोजमापे घेतल्यामुळेच मिळाली.

पुण्याचे उदाहरणही बोलके आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने भारतीय नवजात बाळ वजनाने कमी असले तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे जगापुढे आणले. पुढे पुणे आणि लंडन येथील नवजात बालकांच्या एमआरआय तुलनेत पुण्याच्या बाळांच्या पोटाभोवती चरबी अधिक आढळली. मधुमेह भारतीयांना तरुण वयात का गाठतो, या प्रश्नाकडे पाहण्याची नवी दृष्टी त्यातून मिळाली. इथे एमआरआय एखाद्या रुग्णाच्या निदानासाठी वापरला गेला नाही, एका समाजाच्या आरोग्याचा प्रश्न उलगडण्यासाठी वापरला गेला. निवासी डॉक्टरला प्रतिमेचा हा उपयोग शिकवला जात नाही.

मुंबईत टाटा मेमोरियलने झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक महिलांवर २० वर्षे चालवलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या महिलांमध्ये मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र धरता मात्र घट सांख्यिकीदृष्ट्या ठोस नव्हती. मॅमोग्राफीचे यंत्र जिथे पोहोचणार नाही तिथे काय करता येईल, याचे हे उत्तर भारतातच शोधावे लागले. यंत्राची गरज कुठे आहे आणि कुठे नाही हे सांगणारे संशोधनही रेडिओलॉजीच्या प्रशिक्षणाचा भाग असायला हवे.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे निकड का वाढली?

संगणकतज्ज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये रेडिओलॉजिस्ट तयार करणे आता थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगले काम करील, असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही. पण यंत्र आले, हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयतपासणीसाठी छातीची क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्या संगणकप्रणालींना मान्यता दिली. अशा प्रणाली बनवणाऱ्यांमध्ये मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनीही आहे. जिथे रेडिओलॉजिस्टच नाही अशा तालुक्याच्या गावी ही मोठी सोय आहे. मात्र प्रणाली विकत घेताना कोणता प्रश्न विचारायचा, हे ठाऊक असणारा माणूस रुग्णालयात हवा.

करोनाकाळात याचा धडा मिळाला. छातीच्या क्ष-किरण आणि सीटी प्रतिमांवरून करोना ओळखणाऱ्या प्रणालींवर जगभरातून शोधनिबंधांचा पाऊस पडला. केंब्रिजमधील संशोधकांनी २०२१ मध्ये अशा दोन हजारांहून अधिक निबंधांची छाननी केली. गुणवत्तेच्या किमान कसोटीवर त्यांतील ६२ टिकले आणि त्यांपैकी एकही प्रत्यक्ष रुग्णसेवेत वापरण्याजोगा नव्हता. काही अभ्यासांत करोनाचे रुग्ण प्रौढ आणि तुलनेसाठी घेतलेली चित्रे लहान मुलांची होती. यंत्र करोना ओळखायला शिकले नाही, मूल आणि मोठा माणूस यांतला फरक ओळखायला शिकले. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात न्यूमोनिया ओळखणारी प्रणाली चित्र कोणत्या रुग्णालयातले आहे हेही ओळखू शकते, असे दिसले होते. नव्या रुग्णालयात नेल्यावर तिची अचूकता घसरली. अशी चूक प्रोग्रामरला सहज दिसत नाही. चित्र कसे काढले, कोणत्या रुग्णाचे पडून काढले आणि का, हे जाणणाऱ्या रेडिओलॉजिस्टला ती दिसू शकते, पण त्याला अभ्यास वाचायचे शिक्षण मिळालेले असेल तरच.

एकाच आकड्याचे दोन अर्थ कसे होतात?

एखाद्या क्षयतपासणी प्रणालीची संवेदनशीलता ९० टक्के आणि विशिष्टता ९० टक्के आहे असे समजू. म्हणजे क्षय असलेल्या १०० पैकी ९० जणांना ती पकडते आणि क्षय नसलेल्या १०० पैकी ९० जणांना ती बरोबर सोडून देते. ऊररोग रुग्णालयात आलेल्या एक हजार संशयित रुग्णांपैकी ५०० जणांना खरोखर क्षय असेल, तर प्रणाली ४५० जणांना बरोबर पकडेल आणि ५० निरोगी लोकांना चुकीने रुग्ण ठरवेल. म्हणजे तिने ‘क्षय आहे’ म्हटले की १० पैकी ९ वेळा ते खरे. हीच प्रणाली गावातल्या सरसकट तपासणी शिबिरात नेली आणि तिथे एक हजारात १० जणांनाच क्षय असेल, तर ती नऊ रुग्णांना पकडेल आणि त्याच वेळी ९९ निरोगी माणसांवर क्षयाचा शिक्का मारेल. आता ‘क्षय आहे’ म्हटलेल्या १०८ जणांपैकी जेमतेम नऊ खरे रुग्ण, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास.

प्रणाली तीच, अचूकतेचे आकडे तेच, पण निकालाचा अर्थ पार बदलला. शिबिर त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. संशयितांची थुंकी तपासण्याची सोय आधी करावी लागेल, इतकेच यातून कळते. कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले ९० टक्के पाहून खरेदी करणारा अधिकारी आणि हे गणित मांडू शकणारा रेडिओलॉजिस्ट यांच्या निर्णयात फरक पडतो तो इथे. हे गणित अवघड नाही. पण ते परीक्षेपुरते पाठ करणे आणि स्वतः विदा गोळा करून त्याच्याशी झुंजणे, यात अंतर आहे.

इतर देशांत काय केले जाते?

ब्रिटनमध्ये निवडक निवासी डॉक्टरांना शैक्षणिक क्लिनिकल फेलोशिप मिळते. त्यात तीन चतुर्थांश वेळ रुग्णसेवेचे प्रशिक्षण आणि एक चतुर्थांश वेळ संशोधन अशी विभागणी असते. हा वेळ कोणी विभागप्रमुख रुग्णांची गर्दी वाढली म्हणून काढून घेऊ शकत नाही. अमेरिकेत रेडिओलॉजीच्या मंडळाचा संशोधनाकडे वळणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी वेगळा मार्ग आहे. उत्तर अमेरिकेच्या रेडिओलॉजी संघटनेची शिकागोतील वार्षिक परिषद प्रसिद्ध आहे. तिथे इतर देशांतील तरुण अध्यापकांसाठी संशोधनाची ओळख करून देणारा उपक्रमही चालतो. भारतात इंडियन रेडिओलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशनचे स्वतःचे नियतकालिक आहे. तिचा ‘संरक्षण’ हा उपक्रम गर्भवतींच्या डॉपलर तपासणीतून अर्भकमृत्यू कमी करण्याचा प्रयत्न करतो आणि त्याची निरीक्षणे प्रसिद्धही होतात. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नाही, मात्र ती निवासी डॉक्टरच्या वेळापत्रकापर्यंत पोहोचलेली नाही.

सगळ्यांनाच संशोधक का करायचे?

हा आक्षेप रास्त आहे. देशात रेडिओलॉजिस्टचा तुटवडा आहे. अहवालासाठी रुग्ण ताटकळत असताना डॉक्टरने ग्रंथालयात का बसावे, असे विभागप्रमुखांना वाटले तर नवल नाही. बहुतेक विद्यार्थी पुढे खासगी सेवेत जाणार, तेव्हा त्यांच्यावर प्रबंधाची सक्तीच नको, असाही एक मतप्रवाह आहे.

या आक्षेपातील अर्धा भाग मान्य करायला हवा. प्रत्येकाने स्वतंत्र प्रबंध लिहिण्याची सक्ती निरर्थक संशोधनाचे ढीग तयार करते. पण पुरावा वाचता येणे आणि पुरावा निर्माण करणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पहिले सर्वांना हवे, कारण खासगी केंद्र चालवणारा डॉक्टरही यंत्र विकत घेतो, प्रणाली निवडतो आणि रुग्णाला पुढची तपासणी सुचवतो. दुसरे थोड्यांनाच पुरेल, पण त्या थोड्यांना ते खरेच मिळायला हवे. आज दोघांनाही एकाच साच्यातून काढले जाते आणि दोघांच्याही हाती फारसे काही लागत नाही.

तरुण वयातले साधे निरीक्षणही किती दूर जाऊ शकते, हे स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी दाखवले. सुई, तार आणि नळी यांचा क्रम बदलून रक्तवाहिनीत सुरक्षित शिरण्याची पद्धत त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ते अवघ्या तिशीत होते. डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी हे काम अपुरे आहे, असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यांना दुसरा विषय घ्यावा लागला. आज जगभरात अँजिओग्राफी याच पद्धतीवर उभी आहे. प्रबंधाची चौकट आणि संशोधनाचे मोल यांची गल्लत तेव्हाही होत होती.

विदा भरपूर, मग वापर का नाही?

प्रत्येक स्कॅनच्या फाइलमध्ये चित्राबरोबर रुग्णाचे नाव, वय, ओळख क्रमांक अशी माहिती दडलेली असते. डोक्याच्या स्कॅनवरून तर चेहराही पुन्हा उभा करता येतो. त्यामुळे नाव पुसले की ओळख पुसली, असे मानता येत नाही. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा यांनी ही जबाबदारी स्पष्ट केली आहे. प्रत्यक्षात निवासी डॉक्टर पेन ड्राइव्हवर किंवा मोबाइलवर चित्रे गोळा करताना दिसतात, कारण त्यांना दुसरी सोय उपलब्ध नसते. ओळख काढून टाकलेली चित्रे सुरक्षित ठेवणारा आणि मंजुरीनंतर संशोधनासाठी देणारा संग्रह सरकारी महाविद्यालयांत उभा राहिला, तर रुग्णाचा विश्वास आणि संशोधन दोन्ही टिकतील. अन्यथा ही चित्रे कंपन्यांच्या हाती पोहोचतील आणि ज्यांची ती आहेत त्यांच्या उपयोगाचे प्रश्न मागेच राहतील.

काय करता येईल?

यासाठी नव्या संस्थांची गरज नाही. प्रबंधाचा विषय पहिल्या वर्षाच्या अखेरीस ठरवण्याची मुभा द्यावी. दर आठवड्याला किमान अर्धा दिवस संशोधनासाठी राखून ठेवावा आणि विभागाच्या तपासणीत तो राखला गेला का, हे पाहिले जावे. एकेकट्याच्या ५०-६० रुग्णांच्या प्रबंधांऐवजी एकाच विद्यापीठातील अनेक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी समान पद्धतीने विदा गोळा करून एका प्रश्नावर काम करावे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यार्थी एकत्र आले तर काही वर्षांत हजारो रुग्णांचा अभ्यास हाती येईल. प्रत्येकाचे मूल्यमापन त्याच्या वाट्याच्या कामावर करता येते.

जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करण्याची जी निवासी योजना सध्या लागू आहे, तिचाही उपयोग व्हावा. मोठ्या रुग्णालयात गंभीर रुग्ण गोळा होतात, जिल्ह्यात आजाराचे खरे प्रमाण दिसते. वरच्या उदाहरणातील गणित कुठे बदलते हे तपासण्याची योग्य जागा तीच. आराखड्याच्या टप्प्यावर संख्याशास्त्रज्ञाची सही आवश्यक करावी. अभ्यासाची आधीच नोंदणी व्हावी आणि ‘काही फरक आढळला नाही’ या निष्कर्षालाही पूर्ण गुण मिळावेत, म्हणजे आकडे वळवण्याचा मोह कमी होईल. सगळे प्रबंध ऑनलाइन खुले झाले तर तेच ते विषय घेण्याची लाज वाटेल आणि चांगल्या कामाला वाचकही मिळेल.

सरकारी रुग्णालयाच्या रांगेत तासन् तास उभा राहून स्कॅन काढणारा रुग्ण नकळत देशाच्या वैद्यकीय ज्ञानाचा कच्चा माल पुरवत असतो. त्याच्या चित्राचा अहवाल देणे हे रेडिओलॉजिस्टचे पहिले काम. त्या चित्रांतून पुढच्या रुग्णासाठी काही शिकणे हे दुसरे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आणि विद्यापीठे या दुसऱ्या कामासाठी वेळापत्रकात जागा करणार नसतील, तर भारतीय शरीराबद्दलचे प्रश्न शिकागो आणि लंडनमध्ये विचारले जातील आणि उत्तरे तिथल्या शरीरांना मापून येतील.